टिंबाआधी शून्य

३ फेब्रुवारी

प्रिय टिंबू,

तुझा फोन मेलाय की तू? दर रविवारी नंबर फिरवून फिरवून माझं बोट झिजलं. पलीकडे नुसती घंटा वाजत राहते. शेवटी परवा वसतिगृहाच्या ऑफिसातून तुझ्या रुग्णालयात फोन केला. कुणी बाई बोलल्या. "साहेब कामात आहेत, बरे आहेत, काळजी करू नका." आवाज समजूतदार वाटला. पण मला बाईंचा आवाज नको होता, माझ्या भावाचा हवा होता.

माझा वाढदिवस आला नि गेला. तुझी बायको असती तर तिने आठवणीने फोन केला असता आणि मागून तुझ्या हातात कोंबला असता. ती गेल्यापासून तू बिनपाण्याच्या कुंडीसारखा झालायस. घरात एकटा बसून काय करतोस? औषधाच्या बाटल्या पुसतोस?

बातमी अशी की आमचं वसतिगृह बंद होतंय. मुलीच येत नाहीत. वर्ष संपलं की इमारत विकायची म्हणतात, म्हणजे माझी खोलीही गेली. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरींची दारं लावली, आता मलाच दार नाही. मी विचार करतेय, तुझ्याकडे यावं. तुझी मागची खोली रिकामीच असते. भांडू थोडंफार, पण भांडायला तरी कुणी हवं. काय म्हणतोस?

लगेच लिही. आळस करू नकोस.

तुझी
ताई

*

सोमवार, दुपार

प्रिय ताई,

फोन बंद पडलाय. तक्रार केली आहे. वाढदिवसाबद्दल माफ कर, माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं.

इथे काम फार आहे. नवा डॉक्टर आलाय, तरुण आहे, हुशार आहे, पण लिहिताना घाई करतो. अर्धा लिहायचा तर नुसतं टिंब काढून पुढे पाच लिहितो. मी त्याला औषधभांडारात बोलावलं आणि भिंतीवरची पाटी दाखवली. माझ्याच हातची पाटी आहे, तुला माहीत आहे. टिंबाआधी शून्य लिहा. टिंबानंतर उगाच शून्य लिहू नका. तो म्हणाला, "काका, एका शून्याने काय बिघडतं?" मी म्हटलं, "टिंब म्हणजे माशीचा डाग. कागदाला घडी पडली, शाई फिकी झाली, टिंब गेलं. मग अर्ध्याचे पाच होतात. आधी शून्य असेल तर वाचणारा थबकतो, शून्य इथे कशाला म्हणून. तेवढं थबकणं पुरतं." परदेशी खोक्यांवर टिंबाच्या जागी स्वल्पविराम असतो, तोही त्याला दाखवला. आपण स्वल्पविराम हजार तोडायला वापरतो, ते लोक अपूर्णांक तोडायला. एक चिन्ह, दोन अर्थ, मध्ये रोग्याचा जीव. मुकाट्याने मान हलवून गेला.

माझ्या मदतनीस बाई आहेत म्हणून निभतंय. फोनवर बोलल्या त्याच. हल्ली मला बारीक अक्षर दिसत नाही, चष्मा बदलायला हवा, तर चिठ्ठ्या त्याच मोठ्याने वाचून दाखवतात. त्यांच्याशिवाय माझं पान हलत नाही.

तू इथे येण्याबद्दल नंतर लिहितो. खोलीत सामान भरलंय.

टिंबू

*

१५ फेब्रुवारी

प्रिय टिंबू,

पत्र मिळालं. तारीख टाकायला काय झालं होतं? सोमवार दुपार म्हणे! सोमवार काय वर्षातून एकदाच येतो? आणि वसतिगृहाच्या नावाखाली नुसतं गावाचं नाव. पिनकोडच नाही. पोस्टमनला मी माहीत म्हणून पत्र आलं.

पण मी रागावलेली नाही. उलट हसतेय. "त्यांच्याशिवाय माझं पान हलत नाही." अरे वा! फोन बंद, वाढदिवस विसरला, खोलीत सामान भरलंय, लक्ष ठिकाणावर नाही. मी म्हातारी झाले म्हणून आंधळी झालेली नाही. वसतिगृहात राहून असल्या पोरींना मी चालीवरून ओळखते, तर सख्ख्या भावाला ओळखणार नाही?

हे बघ, लाजू नकोस. तुझी बायको जाऊन पुष्कळ काळ लोटला. ती स्वतःच म्हणाली असती, बसू नका असे खांबासारखे. त्या बाई कोण, कुठल्या, घरी कोण असतं, सगळं लिही. मी आले तर मागच्या खोलीत राहीन आणि तुमच्यात नाक खुपसणार नाही. म्हणजे फार खुपसणार नाही.

काल जिन्यावर एक मुलगी पाढे घोकत होती आणि मला बाबा आठवले. अंघोळीच्या आधी अडीचकी, जेवायच्या आधी दिडकी. मी चुकले की छडी, तू चुकायचासच नाहीस. झोपेत उठवलं तरी धडधडा म्हणायचास, शेपटावर पाय दिलेल्या मांजरासारखा. आणि एवढासा जीव, म्हणून टिंबू. तोच टिंबू आज टिंबावरून डॉक्टरांना झाडतो, बाबा असते तर छाती फुगली असती.

ताई

*

बुधवार

प्रिय ताई,

बाईंबद्दल लिहिलंस ते मनातून काढून टाक. त्या घरी आजारी आईला सांभाळतात आणि इथे येऊन मला. तसलं काही नाही. कुणाजवळ बोलूही नकोस.

तुला एक विचारतो. तुला कधी असं झालंय का, की रोजच्या ओळखीचा माणूस रस्त्यात समोर यावा, त्याचं नाक, डोळे, चाल सगळं ओळखीचं असावं, आणि हा कोण ते मात्र कळू नये? तो हसतो, आपणही हसतो. तो पुढे जातो. आपण तिथेच उभे.

इतकंच. सामान अजून हललेलं नाही.

टिंबू

*

२८ फेब्रुवारी

प्रिय टिंबू,

झालंय बरं असं. सगळ्यांना होतं. त्याला प्रेम म्हणतात आणि या वयात ते जरा जास्तच डोक्यात जातं.

म्हणे तसलं काही नाही! ज्याचं काही नसतं तो एवढा खुलासा करत नाही. बरं, मी काही विचारणार नाही. तू सांगशील तेव्हा सांगशील.

इथे पलंग, कपाटं, गाद्या यांवर विक्रीच्या चिकटपट्ट्या लावायचं काम चाललंय. माझ्या खुर्चीवरही लावली. मी बसले होते म्हणून, नाहीतर माझ्यावरही लावली असती.

ताई

*

२२ मार्च

प्रिय टिंबू,

माझ्या पत्राला उत्तर नाही. आज तुमच्या अधीक्षकांच्या बायकोचं पत्र आलं. ती आणि मी एका वर्गात होतो, तुला ठाऊक आहे. ती लिहिते की तुमच्याकडे औषध चुकून एक म्हातारे गृहस्थ गेले. शाळेतले निवृत्त शिपाई. हृदयाचं औषध दहापट पोटात गेलं. आणि तुझ्या त्या बाईंना घरी बसवलंय, चौकशी लागलीय.

 तुझं नाव यात नाही ना? ती म्हणते नाही, तुझ्याबद्दल सगळे हळहळतायत, इतक्या चोख माणसाच्या हाताखाली असं व्हावं म्हणून. पण तुझ्या मनाचं काय झालं असेल ते मला कळतं. एकीकडे बाई आणि एकीकडे तुझं भांडार.

जेवतोस ना? दोन ओळी टाक. नाहीतर मी मिळेल त्या गाडीने येऊन उभी राहीन.

ताई

*

रविवार, सकाळ

प्रिय ताई,

येऊ नकोस. आधी हे वाच.

बाईंनी काही केलेलं नाही. मी केलं.

थंडीत कधीतरी, तारीख सांगता येत नाही, मी सकाळी उठलो. डोकं जड होतं, डाव्या डोळ्यापुढे थोडं धुकं. चहा घेतला आणि धुकं गेलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं तर आकडे दिसत होते, पण बोलत नव्हते. ताई, हे मी कसं सांगू? पाच मला दिसतो. त्याचा आकार दिसतो. हा पाच, असं तोंड म्हणतं. पण पाच म्हणजे केवढं, ते येत नाही. पाच मोठा की पन्नास मोठा, विचारलं तर मी आवाजावरून सांगेन, पन्नास लांबलचक आहे म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. शून्य म्हणजे एक भोक. टिंब म्हणजे टिंब. कोण कुणाच्या आधी आहे त्याने काय फरक पडतो, ते मी जन्मभर लोकांना शिकवलं आणि आता मलाच कळत नाही. माझी पाटी मी वाचतो. वाक्य कळतं, पण ते खरं का आहे ते कळत नाही.

म्हटलं, थकवा असेल. जाईल. मग म्हटलं, चष्मा. मग काहीच म्हटलं नाही. बायको असती तर पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. रात्रपाळीचे डॉक्टर मला घरी फोन करून मात्रा विचारायचे, म्हणून मी फोनची तार भिंतीतून उपटून टाकली. तुझा नंबरही मला फिरवता येत नव्हता. तुझ्याशी मी खोटं बोललो.

काम चाललं होतं. हसू नकोस. निम्मं काम हातांना पाठ असतं. कुठली बाटली कुठल्या फळीवर, कुठलं झाकण लाल, कुठल्या खोक्याला निळी पट्टी. उरलेलं बाई वाचून दाखवायच्या. "साहेब, अर्धा." अर्धा म्हटलं की मला कळायचं. भाकरी मोडावी तसा अर्धा मला अजून कळतो. शून्य टिंब पाच कळत नाही.

त्या दिवशी बाई खिडकीवर होत्या, बाहेर गर्दी होती. चिठ्ठी वॉर्डातून आली. त्याच नव्या डॉक्टरची. आणि त्याने माझं ऐकून टिंबाआधी शून्य लिहिलं होतं, गोल, सुंदर, छापल्यासारखं. मी ते पाहिलं. मापाच्या पेल्यावरच्या रेघा पाहिल्या. बाईंना हाक मारावीशी वाटली, मग लाज वाटली, सारखं किती विचारायचं. पाचाच्या रेघेपर्यंत ओतलं. चिठ्ठीवर सही बाईंची असते, ओतलेलं तपासून. त्या धावत आल्या आणि पेल्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमचं काय तपासायचं, साहेब," आणि सही करून पुन्हा खिडकीकडे पळाल्या.

ते गृहस्थ मला ओळखायचे. खिडकीतून वाकून म्हणायचे, "गोड औषध कधी काढणार?" त्या संध्याकाळी ते गेले.

ओतणाऱ्याची सही आमच्याकडे नसते. फक्त तपासणाऱ्याची. हा नियमही मीच केला होता, जबाबदारी एकाच माणसावर स्पष्ट असावी म्हणून. अधीक्षकांनी विचारलं, ओतलं कुणी? मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "सही माझी आहे." आणि मी गप्प बसलो. मी गप्प बसलो, ताई. त्या का तसं म्हणाल्या माहीत नाही. कदाचित वाटलं असेल, साहेब सांगतील.

पुढच्या आठवड्यात चौकशी आहे. मी सांगणार आहे.

टिंबू

*

२९ मार्च

प्रिय टिंबू,

तुझं पत्र वाचलं आणि खोलीचं दार लावून बसले. मुली दार ठोठावत होत्या, उघडलं नाही.

आता मी सांगते ते ऐक. एक अक्षर बोलू नकोस.

मला दगडाचं काळीज आहे असं समज, चालेल. गेलेला माणूस परत येणार नाही. तू बोललास तर काय होईल? मुद्दाम लपवलं म्हणतील. आजार लपवून औषधं वाटली म्हणतील. चौकशी पोलिसात जाईल. तू तुरुंगात गेलास तर कोठडीचा आकडाही तुला वाचता येणार नाही रे. बाईंचं काय, बाईंची नोकरी जाईल, वाईट आहे, फार वाईट आहे. पण त्या धडधाकट आहेत, दुसरीकडे लागतील. तुला दुसरं काय येतं?

आधी डॉक्टरला दाखव. कागद हातात येऊ दे. मग शहाण्या माणसाला विचारून काय ते बोल. तोवर जीभ दाताखाली धर. बाबांनंतर तुला मी मोठं केलंय, एवढं एक माझं ऐक.

ताई

*

शुक्रवार

प्रिय ताई,

तुझं पत्र चौकशीच्या सकाळी मिळालं. खिशात घालून गेलो. ऐकलं नाही.

तिघे होते. अधीक्षक, मोठे डॉक्टर आणि कायद्याचा एक माणूस. बाई भिंतीकडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या. अंगावर कामावर घालतात तोच पांढरा कोट, धुऊन इस्त्री केलेला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "औषध मी ओतलं. मला आकडे कळत नाहीत."

 मग अधीक्षक हळूच म्हणाले, "बसा. पाणी घ्या."

मी म्हटलं, "पाणी नको. मला खरोखर कळत नाहीत. थंडीपासून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. आणि एकदम म्हणाले, "बारा सत्ते?"

ताई, माझी जीभ! मी विचारही केला नाही. "चौऱ्याऐंशी."

"सतरा नव्वे?"

"त्रेपन्नासे."

"अडीचकी येते?"

आणि मी म्हणत सुटलो. एक अडीच अडीच, बे अडीच पाच, तीन अडीच साडेसात. मला थांबता येईना. बाबा दारात उभे आहेत आणि पाणी निवतंय असं वाटत होतं. कायद्याचा माणूस तोंडावर हात ठेवून हसत होता. अधीक्षकांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "अहो, तुमच्यासारखं मन कुणाचं असतं? पण खोटं बोलायची तुम्हाला सवय नाही."

मी ओरडलो, "हे पाढे आहेत! हे तोंडाला पाठ आहेत! पोपटालाही येतील! मला चिठ्ठी दाखवा!"

दाखवली. मी वाचली. "शून्य. टिंब. पाच."

"बरोबर वाचलंत," मोठे डॉक्टर म्हणाले.

"वाचलं. पण किती, ते मला कळत नाही."

"शून्य दशांश पाच. अर्धा."

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांचीही चूक नाही. पाय नसलेल्या माणसाला ते ओळखतात. आकडा वाचूनही आकडा न कळणारा माणूस त्यांनी पाहिलेला नाही. मीही पाहिला नव्हता. मोठे डॉक्टर म्हणाले, यांना धक्का बसलाय, रजा द्या. बाहेर पडताना कायद्याचा माणूस दुसऱ्याला म्हणाला, "म्हाताऱ्याचा जीव जडलाय बाईवर." मी ऐकलं. बाईंनीही ऐकलं.

बाईंना काढून टाकलं. मला पगारी रजा आणि निरोपाचा समारंभ.

जाताना बाईंनी कोट काढला, घडी केली, खुर्चीवर ठेवला.

टिंबू

*

१० एप्रिल

टिंबू,

तू मला खरं लिहिलंस तर मीही लिहिते.

फेब्रुवारीत, तुझं ते "पान हलत नाही"चं पत्र आल्यावर, मी अधीक्षकांच्या बायकोला दोन ओळी टाकल्या होत्या. माझ्या भावाच्या आयुष्यात पुन्हा कुणीतरी येतंय असं दिसतं, त्याच्या हाताखालच्या बाई आहेत, जरा लक्ष ठेव, भलं होऊ दे. एवढंच. आनंदात लिहिलं. तू बोलू नकोस म्हणालास त्याच्या आधीच पत्र पेटीत पडलं होतं. पण नंतर तिला सांगायला हवं होतं की तसं काही नाही, तेही केलं नाही, कारण मला ते खरं हवं होतं.

आता कळलं ना, त्या तिघांनी तुझं खरं का मानलं नाही? तू बोलायच्या आधीच मी त्यांना उत्तर पुरवून ठेवलं होतं. वर तुला गप्प बस म्हणून लिहिलं. दोन्हीकडून मीच.

मी येतेय. तुझ्या होकाराची वाट बघत नाही. मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊ. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, फलाटाचा घोळ होईल. घरीच थांब.

ताई

*

२६ मे

प्रिय टिंबू,

वसतिगृहावर परत पोचले. इथला हिशेब उरकून, चाव्या देऊन पुढच्या महिन्यात कायमची येते. तोवर पाण्याचा पंप शेजारच्यांना लावायला सांगितलाय, तू बटणांना हात लावू नकोस.

आज अधीक्षकांचं उत्तर आलं. आपण मेंदूच्या फोटोची प्रत पाठवली होती, डॉक्टरांची चिठ्ठी जोडून. त्यांनी फार सभ्य पत्र लिहिलंय. तुझ्या मेंदूत तो डाग आहे हे त्यांना मान्य आहे, वाईट वाटतं. पण डाग त्या दिवसाच्या आधीचा की चौकशीच्या धक्क्याने नंतर पडलेला, हे फोटोवरून ठरत नाही. शिवाय तपासण्याची जबाबदारी सही करणाऱ्याचीच, तुझाच नियम आहे असं त्यांनी लिहिलंय. त्या जागी नवा माणूसही आलाय. प्रकरण मिटलं.

मी ते पत्र फाडणार होते. नाही फाडलं. तुला वाचून दाखवायला ठेवलंय, कारण तू म्हणशील मी गाळून सांगते.

डॉक्टर काय म्हणाले ते विसरू नकोस. सुधारणा होते थोडी कुणाकुणाची. रोज मणी मोजायचा सराव कर.

ताई

*

गुरुवार, संध्याकाळ

प्रिय ताई,

मण्यांचा सराव करतो. मणी छान आहेत. तिसऱ्यानंतर सगळे नुसतेच पुष्कळ होतात.

आज बाईंकडे जाऊन आलो. तू असतीस तर सोबत आली असतीस, म्हणून तू यायच्या आधी गेलो. मला एकट्यालाच जायचं होतं.

पत्ता भांडारातल्या झाडूवाल्याने कागदावर लिहून दिला होता. वसाहत सापडली, तिला नाव आहे. पण आत सगळ्या इमारती सारख्या, पिवळ्या, आणि सगळी दारं सारखी, हिरवी. बाईंचं घर म्हणजे नुसते आकडे. इमारतीचा आकडा, मजल्याचा आकडा, दाराचा आकडा. कागद समोर धरून मी दारावरच्या आकड्याशी ताडून पाहायचो, नक्षी जुळते का बघायचो, आणि मध्येच वरचं विसरायचो. म्हणून दारं ठोठावत गेलो. एक माणूस दाढीचा फेस लावलेला बाहेर आला. एका बाईने मला काहीतरी विकणारा समजून दार आपटलं. एक मुलगी म्हणाली, "आजोबा, तुम्ही मघाशीच येऊन गेलात." पुष्कळ दारं झाली. शेवटी एक दार बाईंनीच उघडलं.

त्या वाळल्या आहेत. आत खाटेवर आई झोपलेली, खाली चादरीवर शर्टांचा ढीग. एका कारखान्याच्या शर्टांना बटणं लावतात. मला बसायला एकुलती खुर्ची दिली. मी फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. त्यांनी उभ्यानेच वाचली, मग खाली बसून पुन्हा वाचली.

"म्हणजे तुम्ही खरं बोलत होतात," म्हणाल्या.

मी मान हलवली.

"मला वाटलं, मला वाचवायला खोटं बोलताय, आणि तेही धड जमत नाहीये. वर लोकांनी नको ते बोललेलं ऐकावं लागलं. मला तुमचा फार राग आला होता, साहेब."

"यायलाच हवा. मी आधी गप्प बसलो होतो."

"तेव्हाही आला होता," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, आपण वरच्या ऑफिसात जाऊ, पुन्हा अर्ज करू, माझी ताई येतेय, ती कुणाला सोडायची नाही. त्यांनी सुईत दोरा ओवला.  म्हणाल्या, "काही करू नका. मला बोलावलं तरी मी येणार नाही. सही मी न बघता केली, हे तुमच्या फोटोने पुसलं जात नाही. काल आईला तापाची गोळी द्यायची होती. पाकिटावर लिहिलंय, मला वाचता येतं. वाचलं. मग वाटलं, टिंब राहिलं असेल. पुन्हा वाचलं. पाकीट उजेडात नेलं. पुन्हा वाचलं. आई विव्हळत होती आणि मी वाचतच होते. शेवटी शेजारणीला बोलावून तिच्याकडून देववली. तुमच्या डोक्यात निदान डाग तरी आहे, साहेब. माझ्या डोक्यात काहीच नाही, आणि तरी मला आकड्याचा भरवसा राहिलेला नाही."

 माफ करा म्हणालो. त्या आईकडे वळल्या. आईला तहान लागली होती, तिला पाणी पाजलं.

मी उठलो. त्या म्हणाल्या, "परत कसे जाणार?"

"आलो तसाच. विचारत."

त्यांनी चपला घातल्या. थांब्यापर्यंत माझ्याबरोबर आल्या. उन्हं उतरली होती, बस थांब्यावर गर्दी होती. एकेक बस यायची, त्या पाटीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "ही तुमची नाही." दुसरी यायची. "हीही नाही." मला सगळ्या सारख्या. मग एक आली, त्यांनी बराच वेळ पाहिलं, हात केला आणि माझ्या दंडाला धरून मला पायरीवर चढवलं. "चढा साहेब. हीच तुमची."

बस सुटली. मी मागच्या काचेतून वळून पाहिलं. त्या थांब्यावरून रस्त्यात उतरल्या होत्या, गाड्या त्यांना चुकवून जात होत्या, आणि त्या मान वर करून बसच्या पाटीकडे बघत होत्या. ओठ हलत होते. आकडा पुन्हा वाचत होत्या.

टिंबू